साळिंदराचे ओठ

३ नोव्हेंबर
आयुष्यभर राजे, खुनी, न्यायाधीश आणि मरायला टेकलेले बाप यांच्या तोंडी आपली भाषा घातली, आणि उतारवयात नशिबी आलं साळिंदर. तेही परदेशी.

आज स्टुडिओत पूर्ण चित्रपट दाखवला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: प्रेमळ, विनोदी, साहसी, सहकुटुंब. एका नामाला चार विशेषणं लागली की समजावं, नामात दम नाही. गोष्ट अशी. साळिंदरांचं एक बीळ. आई पहिल्या पाच मिनिटांत मरते. या चित्रपटांत आई जगली तर निर्मात्याला दंड होत असावा. मग बाप आणि लेक. लेकीला समुद्र बघायचाय, बाप बिळाबाहेर पडत नाही. लेक तराफा करते आणि नदीतून निघते. बरोबर एक बेडूक, जो गप्प बसत नाही. गाणी तीन. कोणीही कोणाला मिठी मारायला गेलं की काटे टोचतात आणि प्रेक्षकांनी हसायचं असतं. साळिंदराला काटे असतात ही गोष्ट सांगायला दीड तास आणि शेकडो माणसं लागली.

डबिंगची दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची आहे. सगळे तिला मॅडम म्हणतात, मी बाई म्हणतो. मला म्हणाली, सर, मजा येईल. मला मजा येते की नाही याच्याशी कामाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. काम घेतलं. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं.

६ नोव्हेंबर
लेकीचा फोन. जावई परदेशात जाऊन स्थिरावला, जानेवारीत ही आणि नात जाणार. परत कधी, ते ठरलेलं नाही. तिकडच्या घरात माझ्यासाठी एक खोली धरली आहे म्हणे. खिडकीतून झाड दिसतं. झाड मला इथूनही दिसतं, निम्मं का होईना. "मग काय ठरवलंत, बाबा?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सध्या कामात आहे. कसलं काम, ते सांगितलं नाही. साळिंदराचं सांगायचं?

१२ नोव्हेंबर
संवाद लिहायला घेतले. बाहेरच्यांना वाटतं आम्ही भाषांतर करतो. भाषांतर कोणीही करील. आमचं काम तोंडाशी असतं. आवाज बंद करून बघायचं: पडद्यावर ओठ मिटले की आपला प, ब, म तिथे यायला हवा, गोल झाले की उ किंवा ओ. अर्थ त्यातूनही उरला तर नशीब. साळिंदराला एवढे स्वच्छ ओठ कोणी काढून दिले देव जाणे, पण दिलेत. माणसांचेही इतके नीट हलत नाहीत.

या सगळ्या पोरकटपणात एकच शहाणं पात्र आहे, तो बाप. मुलगी जाते, शेजारचा ससा येऊन समजावतो, घुबड येऊन समजावतं, हा जागचा हलत नाही. मूळ संवादात बिचाऱ्याला फक्त "मी येणार नाही" एवढंच दिलंय. लेखकाला बाप कळलेलाच नाही. मी लिहिलं: "ज्यानं स्वतःच्या पंजांनी हे बीळ उकरलं, ज्याच्या बायकोची ऊब अजून या मातीत आहे, त्यानं ते सोडून कुठं जावं?" आता कसा तो उभा राहिला.

१७ नोव्हेंबर
वाचन झालं. बाईंनी चित्र लावून माझी वाक्यं जुळवून बघितली आणि म्हणाल्या, "सर, बापाचं तोंड मिटलं तरी तो बोलतोच आहे." सगळे हसले. बापाचा आवाज देणारे नट, ज्यांना आम्ही खर्जातले काका म्हणतो, तेही हसले. ज्यांचं भलं करायला गेलो तेच. वाक्य कापलं. "मी येणार नाही" राहिलं.

मग दुसरं भांडण. मी लेकीच्या तोंडी बापासाठी "तुम्ही" घातलंय. बाईंना "तू" हवं. हल्ली घरोघरी मुलं बापाला अरे-तुरेच करतात, मुलांना जवळचं वाटेल, इत्यादी. माझी नातही तिच्या बापाला "ए बाबा, इकडे ये" म्हणते, जणू हमालाला हाक मारतेय. मी स्पष्ट सांगितलं की जनावर झालं म्हणून घराला वळण नको का.

माझी लेक लहानपणी मला "तू" म्हणायची. शाळेत जायला लागली तशी मी ती सवय मोडली. मारलं नाही, रागावलो नाही. "बाबा, तू" म्हणून हाक आली की ओ द्यायचो नाही, बस. पायाशी येऊन उभी राहायची, शर्ट ओढायची, मी पेपर वाचत राहायचो. आठवड्यात सुधारली. तिची आई म्हणायची, अहो, लहान आहे, देत जा ओ. पण वळण लागायचं ते लहानपणीच. आजवर ती मला एकदाही उलटून बोललेली नाही. खरं तर फारसं बोलतच नाही, म्हणजे उलटून बोलायचा प्रश्नच आला नाही.

बाई अखेर कंटाळल्या. ठेवा म्हणाल्या "तुम्ही". वय झालेल्या माणसाशी वाद घातला की लोक असेच मोठेपणा घेऊन हरतात.

२२ नोव्हेंबर
लेक आणि नात आल्या होत्या. मी त्यांच्याकडे जात नाही. चार मजले, लिफ्ट नाही, आणि बसायला धड खुर्ची नाही. नातीकडून ऐकलंय, सगळं जमिनीलगत, गाद्या न् उशा. शिवाय त्यांना येताना भाजी घेता येते.

मी कॉम्प्युटरवर काम करत होतो. नात मांडीवर चढली, पुढचे दोन दात पडलेत, आणि तिनं साळिंदर पाहिलं. संपलं. बेडूक नदीत पडतो तो भाग पुन्हा पुन्हा लावायला लावला. दरवेळी तेवढंच हसायची. एकदा हसून झालेल्या गोष्टीला पुन्हा कसं हसू येतं, हे मला समजत नाही. मग खुर्चीवर उशा लावून बीळ केलं आणि मला त्यात बसवलं. मी बसलो, कारण लेक स्वयंपाकघरात होती.

तिला बापाचा भाग आवडत नाही. म्हणाली, "आजोबा, तो का जात नाही?"
"ते त्याचं घर आहे."
"पण तिथं तर कोणीच नाहीये."
मुलांना संदर्भ कळत नाहीत. मी आवाज बंद करून पुढे गेलो.

लेक दारात भांडं पुसत उभी होती. तिनं ऐकलं की नाही, सांगता येत नाही. जाताना खोलीचा विषय निघाला नाही. मलाही बरंच वाटलं. बरं म्हणजे, विषय निघाला असता तर मी नाहीच म्हटलं असतं, मग काढून उपयोग काय.

२६ नोव्हेंबर
शेवट लिहिला. बाप येतो. मला वाटलंच होतं, शेवटी याला वाकवणार. येतो तेही कशासाठी, तर मुलगी बिळात आपला शिंपला विसरली म्हणून तो द्यायला. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. सरळ सांगावं की आठवण आली, किंवा घरी बसावं.

मग त्याहून भारी. तराफा धारेला लागलेला, बाप तोंडात शिंपला धरून नदीत उडी मारतो, आणि बुडत नाही. का, तर साळिंदराचे काटे आतून पोकळ असतात. हे त्या गाढवाला जन्मभर माहीत नसतं! पाण्याला घाबरून बिळात बसला, आणि अंगावर बाळगत होता ते तरंगायचं सामान. प्रेक्षकांच्या अकलेची किती कीव करावी.

तरंगत तरंगत तो तराफ्याशी येतो, आणि मुलीचा चेहरा सगळा पडदा भरून. तिथं गाडी अडली. तिचे ओठ दोनदा मिटतात, तो "बाबा" झाला. मग क्षणभर तोंड बंद, आणि बंद तोंडातून थेट चंबू. शेवटी ऊच हवा, दुसरं काही बसत नाही. माझं वाक्य होतं "बाबा, तुम्ही!" आणि "तुम्ही" संपतो ईवर, दात दाखवून. पडद्यावर चंबू आणि कानात ई. आंधळ्यालाही खटकेल.

३० नोव्हेंबर
आज त्या एका शब्दापायी दुपार गेली. ऊने संपणारे शब्द आठवत बसलो. काकू, वाळू, चाकू, झाडू. खर्जातल्या काकांनी गंभीरपणे "बाबा, लिंबू" सुचवलं. मी बराच विचार करून "बाबा, हळू" काढला. अर्थ चांगला आहे, बाप पाण्यात आहे, काळजीचा शब्द आहे. बाई म्हणाल्या, ती सगळा चित्रपटभर त्याची वाट बघतेय, आणि तो आल्यावर हळू म्हणेल? शिवाय हळूला आधी तोंड उघडावं लागतं, हिचं उघडत नाही. हे मलाही दिसत होतं. मी फक्त आशेवर होतो.

सगळ्यांना शब्द माहीत होता. मीच सांगितलं, घाला तुमचं "तू", पण माझ्यादेखत नको. बाहेर जाऊन चहा घेतला.

परत आलो तर रेकॉर्ड झालं होतं. साळूचा, म्हणजे पडद्यावरच्या लेकीचा, आवाज देणारी मुलगी पाणी पीत होती. खर्जातले काका डोळे पुसत होते, पण त्याला अर्थ नाही. काका हवामानाच्या बातमीलाही रडतात. बाई म्हणाल्या, सर, तुमचं "तुम्ही" होतं म्हणून हे जमलं. चेष्टा असावी. मी लक्ष दिलं नाही.

१५ डिसेंबर
लेकीनं विचारलं, आईचा शिवणाचा डबा घेऊन जाऊ का. म्हटलं, ने. तो कुठे आहे हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

९ जानेवारी
काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी खास खेळ होता. मी जाणार नव्हतो. नातीनं फोनवर बेडकाचं गाणं म्हणून दाखवलं, पूर्ण, चुकीच्या सुरात, त्यामुळे जावं लागलं.

थिएटर भरलेलं. पॉपकॉर्नचा वास, पायांत पायांत मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त हसणारे आईबाप. बेडूक पडला की माझ्या मागचा एक दाढीवाला बाप्या खुर्चीवर थापा मारायचा. त्याच्याबरोबर मूलही नव्हतं. लोकांना काय आवडतं हे बघून मला पूर्वी राग यायचा, आता नुसती दया येते. यांना गोष्ट नकोच असते. बुडणारा कोणीतरी बुडू नये, आणि न येणारा कोणीतरी यावा, एवढ्यावर भागतं यांचं. तेवढंच दरवेळी नव्या जनावराच्या कातड्यात गुंडाळून द्यायचं.

मग तो शेवट. बाप पाण्यात. पडदाभर चेहरा. "बाबा... तू."

थिएटर एकदम गप्प झालं. पॉपकॉर्नसुद्धा. आणि मग ठिकठिकाणी नाकं ओढल्याचे आवाज. मागचा दाढीवालाही. मला वेळ लागला, पण कारण कळलं. मुलगी पहिल्यापासून "तुम्ही, तुम्ही" करत असते, प्रत्येक वाक्यात, आणि शेवटच्या एका शब्दात ती "तू"वर येते. मूळ चित्रपटात ही जागाच नाही. त्यांच्याकडे बापाला, बेडकाला आणि नदीला एकच सर्वनाम. म्हणजे लोक ज्याला रडले ते चित्रपटात नव्हतंच, माझ्या हट्टातून आणि एका चंबूतून झालेली ती गफलत होती. गफलतीला रडणारे लोक! यांच्याबद्दल आणखी काय लिहिणार.

लेक रडली नाही. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. अंधारात काय दिसत होतं तिला, कोण जाणे. दिवे लागले तरी शोधत होती.

बाई भेटायला आल्या. लेकीला म्हणाल्या, तुमच्या बाबांनी "तुम्ही"चा आग्रह धरला म्हणून हे झालं. लेक म्हणाली, हो, ते धरतात. बाहेर जिन्यावर तिनं मला विचारलं, "शेवटचं ते तू... तुम्ही लिहिलंत?"

खरं ते सांगितलं. ओठांमुळे घालावं लागलं, पर्याय नव्हता.

"हं," म्हणाली. आणखी थोडं थांबली, मी काही बोलेन असं वाटलं असावं. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मग म्हणाली, वीस तारखेला सकाळी निघतोय, येणार असाल तर या. मी बघतो म्हटलं.

नात टोपी खुर्चीवर विसरली. लोकरीची, लाल, वर गोंडा. मी घेऊन आलो.

१३ जानेवारी
टोपी दाराच्या खिळ्याला लावली आहे. पोस्टानं पाठवता येईल.

१८ जानेवारी
निरोप या प्रकाराचा मला तिटकारा आहे. सामानाच्या पसाऱ्यात उभं राहायचं, पासपोर्ट घेतला का असं पाच जणांनी विचारायचं, आणि ज्याला जायचंय त्याचा खोळंबा करायचा. शिवाय चार मजले. शिवाय तो चित्रपट जोरात चाललाय आणि बाईंनी पुढचं काम विचारलंय, पेंग्विन, त्याचं बघायला हवं. फोन केला की पुरे.

मला जायचं नाही हे मी स्वतःला दिवसातून बरेचदा सांगतोय, हे मात्र लक्षात आलं. त्रास होतोय. कशाचा, ते नीट सांगता येत नाही.

२० जानेवारी
सकाळी लक्षात आलं की तिकडे थंडी असते आणि टोपी इथे आहे. पोस्टानं जायला महिना लागेल. पोरगी तोवर काय घालणार? लोक असल्या साध्या गोष्टींचा विचार करत नाहीत. म्हणून गेलो.

चार मजले चढलो. दुसऱ्यावर बसलो, तिसऱ्यावर बसलो. दार उघडं होतं. आत काही नाही. गाद्या नाहीत, उशा नाहीत, भिंतीवर चित्रं काढल्याच्या खुणा, आणि मधोमध दोन बॅगा. खिडकीशी मात्र एक खुर्ची होती. लाकडी, पाठीची, हात असलेली. लेक म्हणाली, ती विकली गेली नाही. मग म्हणाली, ती तुमच्यासाठीच घेतली होती, घर घेतलं तेव्हा. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, आल्यावर दिसली असती.

खुर्चीत बसलो. उंची बरोबर होती.

"टोपी द्यायला आलो," मी सांगितलं. नातीनं ती लगेच घातली आणि टोपीवरचा गोंडा म्हणजे साळिंदराचा काटा असं जाहीर करून मला टोचली. तिला मी बजावलं की काटे पोकळ असतात. तिला माहीत होतं.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला एवढे जिने चढलात." व्यवस्थित "तुम्ही". मीच लावलेलं वळण, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मला ते ऐकून का बरं वाटलं नाही, याचा मी जिने उतरताना विचार करत होतो. ती माझ्या पुढे एक पायरी उतरत होती, बॅग घेऊन, आणि दर वळणावर मागे बघत होती. खाली आलो. खोलीचा विषय निघाला नाही. मी काढावा असं एकदा मनात आलं, पण टॅक्सीवाला घाई करत होता. अशा माणसांना कसली घाई असते.

गाडी निघाली. काचा वर होत्या. नात बेडकासारखे गाल फुगवून बघत होती. लेकीनं मान वळवली आणि काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. पण मुकी तोंडं वाचण्यात जन्म गेलाय. ओठ दोनदा मिटले, ते "बाबा". मग क्षणभर तोंड बंद, आणि मग चंबू.

घरी येऊन चहा केला. लिहायला बसलोय. ती "बाबा, हळू" म्हणाली असणार. चार जिने चढून-उतरून आलेल्या म्हाताऱ्याला कोणीही हेच म्हणेल. चित्रपटवाल्यांसारखं प्रत्येक गोष्टीत काहीतरी बघायची मला सवय नाही.

फक्त, हळूला आधी तोंड उघडावं लागतं. तिचं उघडलं नव्हतं.

गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा मी ओ दिली.